‘धर’ म्हणाला होता

सायकल दुरुस्तीच्या दुकानातल्या त्या बाईला सगळा रस्ता पान्हेवाली म्हणायचा. तोंडावर नाही, तोंडावर म्हणायची कोणाची छाती होती? पण तिला ठाऊक होतं. हातात कायम पान्हा म्हणून पान्हेवाली, इथवर तिचं काही म्हणणं नव्हतं. समोरचा न्हावी मात्र गिऱ्हाइकाच्या मानेवर मशीन फिरवता फिरवता पुढचं सांगायचा, की या बाईला जन्मात एकच पान्हा ठाऊक, तो लोखंडाचा; आईचा पान्हा हिला फुटलाच नसणार. हे बोलणं फिरत फिरत दुकानात पोचलं तेव्हा तिने मानही वर केली नाही. म्हणाली, "त्याला म्हणावं, आधी वस्तऱ्याला धार लाव. सगळी धार जिभेला लावून बसलाय, लोकांच्या हनुवट्या सोलून निघतात."

लेकाला जाऊन वर्ष होत आलं होतं. एकुलता एक लेक. घरात आता दोघीच, सासू आणि सून. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, मधल्या स्वयंपाकघरात एकच टेबल. त्या टेबलाशी दोघी चहा प्यायच्या, एक खिडकीकडे तोंड करून, दुसरी भांड्यांच्या फळीकडे. "गॅस संपत आलाय." "किल्ली खिळ्याला आहे." एवढ्या बोलण्यावर वर्ष निभावलं. जिच्या तोंडाला रस्ता टरकून असायचा ती घरात अशी गप्प, आणि ते गप्प बसणं तिच्या शिव्यांहून जास्त लागायचं.

भांडण एका शब्दाचं होतं.

लेकाकडे जोडसायकल होती. एकामागे एक दोन सीट, दोन हँडल, चार पायडलं. हँडल दोन असली तरी वळतं ते पुढचंच. मागच्याने नुसतं पायडल मारायचं आणि पुढच्यावर भरवसा ठेवायचा. सुट्टीच्या दिवशी नवराबायको तिच्यावरून तलावाकडच्या झाडीतल्या वाटेने जायचे, लेक पुढे, सून मागे. लांबच्या उतारावर एकट्याची बोटं दुखतात म्हणून त्याने मागच्या चाकाचा ब्रेक बायकोच्या हँडलला बसवून दिला होता. त्याच वाटेवर एका उतारात सायकल आडवी झाली. पुढचा दगडावर गेला. मागचीचं कोपर खरचटलं.

सुनेने तेव्हा सांगितलं ते एवढंच, "ते ‘धर’ म्हणाले. मी ब्रेक धरला. चाक अडकलं आणि सायकल घसरली."

यावर पान्हेवाली मयताला आलेल्या माणसांदेखत बोलली होती. "दगडांच्या उतारात माझा लेक ब्रेक धर म्हणेल? चालायला लागायच्या आधी सायकलीवर बसलेलं पोर ते! तुझी घाबरगुंडी उडाली, तू ब्रेक आवळलास, आणि आता मेलेल्याच्या तोंडात शब्द घालतेस."

 सुनेने आपलं सांगणं बदललं नाही. पोलिसांना तेच, डॉक्टरला तेच, स्वतःच्या बहिणीला तेच. दोघी आपापल्या शब्दावर खुंटा मारून बसल्या त्या बसल्या.

आणि एका सकाळी सुनेची बॅग दाराशी दिसली. चेन तुटलेली, दोरीने बांधलेली.

"बहिणीकडे जाते," सून म्हणाली. ती चष्म्याच्या दुकानात काचा घासून बसवायचं काम करायची. "तिकडे एका दुकानात जागा निघालीय."

"जा की. मी कुठे पाय धरले तुझे?" सासूने कप खाली ठेवला. "पण जायच्या आधी ती जागा दाखव मला."

सुनेने वर्षभरात पहिल्यांदा तिच्याकडे सरळ बघितलं. "तिथवर चालत जाणं झेपायचं नाही तुम्हाला, आई. गुडघे बघा तुमचे."

"माझ्या गुडघ्यांचं चालण्याशी वाकडं आहे, पायडलशी नाही. जोडसायकल काढ."

"तिच्यावर? त्याच वाटेने?"

"मग काय, तुझ्या पाठुंगळी बसू?"

सासूच्या मनात काय होतं ते स्वच्छ होतं. त्या जागेवर हिला उभी करायची आणि म्हणायचं, आता बोल खरं. आपलं माणूस जिथे पडलं त्या दगडासमोर खोटं बोलवत नाही कोणाला, अशी तिची समजूत. सुनेनेही ते ओळखलं होतं. ती म्हणाली, "चला. मी जाणार आहे, पण खोटारडी म्हणवून घेऊन नाही जाणार."

जोडसायकल दुकानाच्या मागच्या भिंतीला गोणपाटाखाली होती. वर्षभर तिला कोणी शिवलं नव्हतं. पान्हेवालीने ती स्टँडवर घेतली, चेनला तेल दिलं, ब्रेकची रबरं बदलली. मागचं चाक वेडंवाकडं फिरत होतं, त्याचा आऊट काढायचा होता. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला, ऑपरेशनचं नाव काढलं की अंगावर यायची, पण आऊट काढायला तिला डोळे लागत नव्हते. अंगठ्याचं नख रिमजवळ धरायचं. जिथे नख खरवडतं तिथे चाक बाहेर. फक्त कोणीतरी हाताने पायडल फिरवत राहावं लागतं. हे काम लेकाचं, अगदी पायडलपर्यंत हात पोचत नव्हता तेव्हापासूनचं. आज ती एका हाताने फिरवत होती आणि दुसऱ्याने नख धरत होती. मधेच सवयीने कोणालातरी काही सांगायला तिने तोंड उघडलं, आणि मिटलं.

निघताना तिने हात घातला तो पुढच्या हँडललाच. सुनेने हँडल सोडलं नाही.

"तुम्ही मागे, आई."

"मी? मागे? अगं, तुझ्या नवऱ्याला मागे बसवून फिरवलाय मी."

"उन्हातून सावलीत शिरलं की तुम्हाला क्षणभर काही दिसत नाही. झाडीतली वाट आहे. दोघींना खड्ड्यात घालायचं असेल तर बसा पुढे."

सासूने हँडल सोडलं. मोतीबिंदू सुनेनेच पहिल्यांदा ओळखला होता, त्याचा रागही अजून जिरला नव्हता.

सून सायकलीवर टांग टाकून दोन्ही पाय फाकवून घट्ट उभी राहिली, पुढचा ब्रेक आवळून धरला आणि मग म्हणाली, "चढा." मागचा माणूस नीट बसेपर्यंत पुढच्याने असंच खांबासारखं उभं राहायचं असतं. चूक काढायला जागाच नव्हती, म्हणून पान्हेवाली जास्तच चिडली.

"हे बघ," ती सीटवर बूड टेकत म्हणाली, "अहो-जाहो सायकलीवर चालत नाही. ‘उठता का जरा, आई’ म्हणेपर्यंत खड्डा मागे जाईल. एक शब्द बोलायचा. मी काही रुसणार नाही."

"बरं. मी ‘उठ’ म्हणाले की बूड उचलायचं. ‘सपाट’ म्हणाले की पायडल फिरवायचं थांबवून दोन्ही पाय एका पातळीत ठेवायचे, खाली राहिलेला पाय दगडाला लागतो. आणि उतारात—"

"मला शिकवतेस?" सासू कडाडली. "तुझ्या आईच्या लग्नाआधीपासून सायकली चालवतेय मी. चल, ऊन चढतंय."

सुनेने पुढचं सांगितलं नाही. पुढचं राहिलं ते राहिलंच.

न्हावी वस्तरा हातात तसाच धरून दारात आला. पान्हेवाली मागच्या सीटवर! गिऱ्हाईक अर्ध्या दाढीने बाहेर डोकावलं. "बघ, बघ," पान्हेवाली जाता जाता ओरडली, "त्याचा कान जाईल तेवढ्यात."

गाव मागे पडलं आणि डांबर संपलं. पान्हेवालीला समोर दिसत होती ती फक्त सुनेची पाठ. कॉलरखाली घामाचा ओला डाग, त्यावर चिकटलेले दोन केस. ही बाई जन्मभर पुढच्या सीटवर बसलेली. नवरा होता तोवर नवऱ्याच्या पुढे, नंतर लेकाच्या पुढे. मागून जग कसं दिसतं हे तिला आता या वयात कळत होतं. मागून जग दिसतच नव्हतं. वाट कुठे वळतेय, समोर काय पडलंय, काही नाही. सुनेच्या तोंडून येईल तो शब्द, तेवढाच रस्ता.

"उठ!"

ती उठली. खालून काहीतरी धाडकन गेलं.

"सपाट!"

तिने पाय आडवे केले. पायडलखालून झाडाचं मूळ सरकलं. "सपाट काय," ती पुटपुटली, "इस्त्री करतेस का वाटेला?"

पुढची पाठ जराशी हलली. हसली असेल, नसेलही.

सून बरी चालवत होती, हे मान्य करणं भाग होतं. जोडसायकल लांबलचक, तिला एकट्या सायकलीसारखी गर्रकन फिरवता येत नाही. सून वळणावर बाहेरून घेत होती, मागचं चाक आतल्या दगडावर चढणार नाही असं. मूळ आडवं आलं की तिरपी जात नव्हती, सरळ त्याच्या छातीवर जात होती. अडथळ्याच्या आधीच वेग कमी करत होती, अडथळ्यावर नाही. एका ओघळीपाशी तिने सायकल थांबवून सांगितलं, "उतरायचं."

"एवढ्याशाला? जाते की सायकल."

"तळ दिसत नाहीये. तळ दिसत नसेल तर उतरायचं. असं ते म्हणायचे."

पान्हेवाली निमूट उतरली. हे शब्द तिचेच होते. तिने लेकाला दिलेले, लेकाने बायकोला दिलेले, आणि आता फिरून तिच्याच कानावर आलेले. सायकल ढकलत ओघळ ओलांडताना तिला वाटलं, हिला इतकं सगळं नीट येतं, मग त्या दिवशीच हिने का माती खाल्ली असेल? पण लगेच दुसरं मन म्हणालं, येत होतं ना, मग म्हणूनच गुन्हा मोठा.

परत चढल्या. झाडी दाट झाली. दवाने पाचोळा ओला होता. वाट खाली उतरायला लागली, आणि सुनेचे खांदे वर चढल्यासारखे झाले. "आई, आता जवळ आलं," ती म्हणाली. "उताराच्या वरच थांबणार आहे मी. तिथून चालत—"

वळण संपलं आणि तिचं बोलणं तुटलं.

"धर!"

पान्हेवालीने विचार केला नाही. विचार करायला वेळ कुठला! पाय आपोआप एका पातळीत आले आणि खिळे ठोकल्यासारखे थांबले. सायकल मात्र थांबली नाही. सुनेच्या तोंडून "अगं आई" असं काहीतरी निघालं. वाटेत झाडाची फांदी आडवी पडली होती, मनगटाएवढी जाड. सुनेने एकट्या पुढच्या ब्रेकला जोर दिला नाही. ओल्या पाचोळ्यावर पुढचं चाक घसरलं असतं. तिने हँडल सरळ धरलं. पुढचं चाक फांदीवर चढलं, उतरलं. मागचं चढलं, उतरलं. आडव्या पायडलांखालून फांदी सुटून गेली. आणखी थोडं पुढे गवताच्या बांधाला चाक टेकून सायकल उभी राहिली. सून दोन्ही पाय जमिनीवर रोवून धापा टाकत होती.

"ब्रेक!" ती मान वळवून ओरडली. "ब्रेक का नाही धरलात?"

"तू ब्रेक कुठे म्हणालीस?"

"ओरडले की मी, ‘धर’ म्हणून!"

"मग धरलं की!" पान्हेवालीचाही आवाज चढला. "हे बघ. हे काय आहे?"

आणि तिने बोटाने आपल्या पायांकडे दाखवलं. पाय अजून तसेच होते, एका पातळीत, पायडलला चिकटून.

सुनेने बघितलं.  मग हळू म्हणाली, "याला... याला आम्ही सपाट म्हणतो."

"ते तुमचं. आमच्या घरात याला धर म्हणतात. पहिल्यापासून."

हे तिने तोऱ्यात सांगितलं, नेहमीसारखं हनुवटी वर करून. आणि सांगून झाल्यावर ते तिच्याच कानांत शिरलं.

झाडीत कुठेतरी एक पाखरू लाकडावर ठोकत होतं. दोघींपैकी कोणी खाली उतरलं नाही. शेवटी सासूने सावकाश एक पाय जमिनीला लावला, मग दुसरा.

"तो एवढासा होता," ती म्हणाली, सुनेकडे न बघता. "मी चाकाचा आऊट काढायची, तो हाताने पायडल फिरवायचा. नख कुठे खरवडलं की मी ओरडायची, ‘धर!’ तो पायडल जिथल्या तिथे धरायचा आणि मी हाताने चाक अडवायची. हलू द्यायचा नाही. पुढे जोडसायकलीवर माझ्या मागे बसायला लागला. पाय पोचत नव्हते, पायडलला लाकडाचे ठोकळे बांधले होते मी. दगड आला की तेच, ‘धर!’ तेव्हा मागे ब्रेक होता कुठे? धरायला पायडलच होतं."

"मला कधीच नाही बोलले हे."

"तुला ब्रेक बसवून दिला, तेव्हा काय सांगितलं?"

सून आठवत राहिली. "मी विचारलं, हा दाबायचा कधी. म्हणाले, मी ‘धर’ म्हणालो की दाब. मग जरा हसले. म्हणाले, हा शब्द रिकामाच पडलाय आता. मला वाटलं, चेष्टा करतायत."

पान्हेवालीला ती चेष्टा कळली. लेकाचं लग्न झालं आणि जोडसायकलीवर दुसरं माणूस बसायला लागलं, त्यानंतर तिने त्या सायकलीला हात लावला नव्हता. लेक म्हणायचा, "चल की आई, एक चक्कर." ती म्हणायची, "तुझी माणसं ने." शब्द रिकामा पडणार नाही तर काय होईल?

"जागा कुठे आहे?" तिने विचारलं.

सुनेने सायकल झाडाला टेकवली आणि सासूचा दंड धरला. पान्हेवालीने दंड सोडवून घेतला नाही. उताराच्या मध्यावर वाटेतच दगड वर आले होते, दातांसारखे, आणि कडेला एक मोठा, पाठ गुळगुळीत असलेला. त्यावर काही नव्हतं. शेवाळ होतं थोडं.

"इथे. वळल्यावर हे दगड एकदम समोर आले. थांबायला जागा नव्हती. ते म्हणाले—"

"कसा म्हणाला?"

"जोरात."

"घाबरून?"

सून थांबली. तिला खरं तेच सांगायचं होतं, आजवर सांगितलं तसं. "नाही. घाबरून नाही. असं... लहानपणापासून तोंडात बसलेला शब्द असल्यासारखं. मी दाबला ब्रेक. पूर्ण दाबला, आई. ते म्हणाले म्हणून."

पान्हेवाली दगडाच्या बाजूला गवतात बसली. लेकाने बरोबरच सांगितलं होतं. अशा दगडांत ब्रेक सोडायचा, पाय धरायचे आणि सरळ जाऊ द्यायचं. आत्ता फांदीवरून गेली तशी सायकल गेली असती. आणि सुनेनेही बरोबरच केलं होतं. घाईच्या त्या क्षणी त्याच्या तोंडाला बायकोचा शब्द सापडला नाही, आईचा सापडला. मागे आई बसली असती तर तिने पाय धरले असते. मागे आई नव्हती.

तिने तळहात दगडावर ठेवला. दगड थंड होता, आणि ओला. रडण्याचा आवाज तिने केला नाही, पण तिचे खांदे असे हलत होते की सूनही शेजारी बसली आणि दोघींच्या मधली जागा राहिली नाही.

बऱ्याच वेळाने सासू म्हणाली, "शब्द ठरव."

"काय?"

"परत जायचंय ना या सायकलीवर? ब्रेकला काय म्हणायचं, ठरव. आणि मी मधे बोलले तर बोलू देऊ नकोस मला. पूर्ण सांग."

"ब्रेकला ब्रेकच म्हणू."

"हं. ब्रेक. पाय?"

"सपाट."

"सपाट," पान्हेवालीने जीभ फिरवून बघितली. "बरं. आणि ‘धर’ कशालाच नाही म्हणायचं."

"नाही म्हणायचं," सून म्हणाली.

परतीचा पहिला चढ त्यांनी सायकल हातात धरून पार केला. नंतर वाटभर एकेक शब्द येत गेला आणि मागची बाई तो ऐकत गेली. रस्त्याला लागल्यावर गटारावरच्या उंचवट्यापाशी सून सवयीने ओरडली, "उठ!" आणि सगळ्या दुकानांसमोर पान्हेवाली बूड उचलून उभी राहिली.

न्हाव्याने दारातूनच शेरा मारला, "काय जमाना आला! सून उठ म्हणते आणि सासू उठते."

एरवी तिने त्याची सालटी काढली असती. ती उतरली, रस्ता ओलांडून त्याच्या पायरीपाशी गेली. खुर्चीत गिऱ्हाईक होतं, बाकावर दोन जण होते. वर्षापूर्वी मयताला हीच माणसं आली होती.

"नीट ऐक," ती म्हणाली, "म्हणजे सांगताना मीठमसाला लावावा लागणार नाही. माझा लेक ‘धर’ म्हणाला होता. ही खरं सांगत होती. खोटं मी पाडलं तिला. आता कर गावभर."

न्हाव्याच्या हातातलं मशीन नुसतंच गुरगुरत राहिलं.

घरात बॅग दाराशी तशीच होती. पान्हेवालीने दोरी सोडून चेन बघितली. "अशी तुटकी बॅग घेऊन जाणार होतीस? लोक काय म्हणतील, दुरुस्तीवाल्यांच्या घरची सून! ठेव माझ्याकडे. बसवून देते."

"किती दिवस लागतील?"

"लागतील. माझे डोळे कुठे धड आहेत."

"मग आधी डोळे करून घेऊ," सून म्हणाली. बॅग तिने उचलली नाही.

फांदीच्या दणक्याने मागचं चाक पुन्हा किंचित बाहेर गेलं होतं. चहा झाल्यावर पान्हेवालीने जोडसायकल स्टँडवर घेतली आणि खाली बसून नख रिमजवळ धरलं. "पायडल फिरव जरा," ती म्हणाली. सून दुसऱ्या बाजूला उकिडवी बसली आणि हाताने फिरवू लागली. चाक सुरसुरत गेलं, एक फेरा, दुसरा. मग नख खरवडलं. जुना शब्द पान्हेवालीच्या दातांपर्यंत आला.

पण सुनेला खरवडल्याचा आवाज आला होता. तिने न सांगताच पायडल जिथल्या तिथे थांबवलं होतं, आणि ती वाट बघत होती.